गाडी खोलताना

जुनी जीप अंगणात येऊन उभी राहिली की पहिला मोह होतो तो तिला धुण्याचा. वर्षानुवर्षांचा चिखल, गळलेल्या ऑइलवर बसलेली धूळ, बॉनेटखाली उंदरांनी केलेली घरटी. पाइप घेऊन सगळं साफ करावंसं वाटतं. तो मोह एक दिवस आवरा. त्या घाणीत गाडीचा सगळा आजार लिहिलेला असतो आणि तो एकदाच वाचता येतो.

टॉर्च, वही आणि जमिनीवर अंथरायला एक पोतं घ्या आणि गाडीखाली जा. चेसिसच्या ज्या कोपऱ्यात चिखल दगडासारखा बसलाय तिथे पाणी साठतं, म्हणजे आतला पत्रा किंवा आडवा मेंबर खाल्लेला असणार. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या बेल हाउसिंगखाली ओल दिसली तर बोटावर घेऊन वास घ्या. पातळ, काळं, जळकट असेल तर क्रँकच्या मागच्या सीलमधून इंजिन ऑइल येतंय. घट्ट असेल आणि गंधकासारखा उग्र वास मारत असेल तर ते गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टकडे बघायचं. ब्रेक ड्रमच्या मागच्या प्लेटवर रंग सोलून निघालेला ओघळ असेल तर व्हील सिलिंडर गळतोय; रंग शाबूत ठेवून नुसता चिकट थर असेल तर एक्सलचं सील. रेडिएटरच्या सांध्यावरचा हिरवट-पांढरा क्षार कुठून सुरू होतो तेही बघून ठेवा. धुतल्यावर हे सगळे भाग सारखेच स्वच्छ दिसतात आणि मग गळती शोधायला गाडी पुन्हा उभी होईपर्यंत थांबावं लागतं.

घरच्या घरी जुनी गाडी उभी करायला घेतलेली माणसं अडतात ती बहुधा जोडताना, पण चूक खोलताना झालेली असते. खोलणं म्हणजे पाने-हातोडे घेऊन केलेली नोंद, असं मी मानतो. दोन दिवसांत गाडी सुटी करून बोल्ट एका बादलीत टाकले तर त्या बादलीतून पुढे काहीच हाती लागत नाही. कोणता बोल्ट आखूड होता, कुठे दोन वायसर होते, कोणत्या भोकात बोल्टच नव्हता, हे आठवणीच्या भरवशावर ठेवायचं नसतं, कारण गाडी पुन्हा जोडायला घेईपर्यंत एखादं वर्ष सहज जातं.

म्हणून आधी भाषा ठरवा. डावं-उजवं हे नेहमी चालकाच्या सीटवर बसून पुढे तोंड करून धरायचं. गाडीसमोर उभं राहून लिहिलेलं ‘डावं’ पुढे हमखास घात करतं. प्रत्येक जोडाचे तीन फोटो काढा: लांबून, जवळून आणि सुटा केल्यावर भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कापडावर मांडून. शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे बोल्टची लांबी फोटोतच मिळते. पिशव्यांवर मार्करने लिहिलेलं ऑइल लागलं की पुसतं. कागदावर पेन्सिलीने लिहून ती चिठ्ठी छोट्या पिशवीत आणि ती पिशवी बोल्टांच्या पिशवीत टाकायची. मोठ्या भागांना ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पट्टी तारेने बांधून तिच्यावर पंचने नंबर ठोका. तो रॉकेलमध्येही टिकतो. बोल्ट शक्य तिथे त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवावा. यापेक्षा चांगली पिशवी नाही.

जागेचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. जोडलेली गाडी जेवढी जागा घेते त्याच्या तिप्पट तरी सुटी गाडी घेते, म्हणून आधी भिंतीला फळ्या लावून घ्या. गाडी उचलून टेकवायची ती लोखंडी स्टँडवर आणि तेही सपाट काँक्रीटवर. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक वजनाखाली कुठलीही चाहूल न देता फुटतात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली तर हातसुद्धा घालायचा नाही.

पहिलं काम बॅटरीचं. अर्थची वायर आधी काढायची. बहुतेक गाड्यांत ती निगेटिव्ह असते, पण काही जुन्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ आहे, तेव्हा रंग बघू नका, बॉडीला गेलेली वायर बघा. मग पेट्रोल. टाकी रिकामी करून लगेच गाडीपासून लांब उघड्यावर ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. अशा टाकीला वेल्डिंगची ज्योत लावण्याचा विचारही नको. कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. ब्रेक ऑइल रंग खातं, म्हणून जो पत्रा वाचवायचा आहे त्याच्यावरून ते नेऊ नका. एक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी) यांचं ऑइल सोडण्याआधी भरायचा प्लग सुटतोय ना ते पाहा. आधी खालचा काढला आणि वरचा जाम निघाला तर रिकामा डबा हातात राहतो. निघालेलं ऑइल पारदर्शक बाटलीत घेऊन एक रात्र ठेवा. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. तळाला चमचमती पूड असेल तर गिअर झिजताहेत. पिवळसर चमक असेल तर सिंक्रोच्या, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या, पितळी रिंगा.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि बऱ्याच गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम काढल्यावर आतली धूळ हवेच्या पाइपने उडवायची सवय सगळ्यांना असते. ती सोडा. साबणाचं पाणी फवारून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. ही धूळ फुप्फुसात गेली की राहते आणि तिचा आजार अनेक वर्षांनी उघडा पडतो.

आता बोल्ट. या कामातला निम्मा वेळ त्यांच्यातच जातो.

विलीज या मूळ जीप बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या घराण्यातल्या जीपांचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. १/२ इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण ०.३ मिलिमीटरची फट राहते आणि गंजलेल्या नटाचे कोपरे तेवढ्यात गोल होतात. ७/१६ ला ११ चा पाना जात नाही आणि १२ चा घसरतो. ३/४ ला मात्र १९ चा चालून जातो, कारण फरक नगण्य आहे. इंचाचे रिंग पाने आणि सहा कोनी सॉकेट घ्या. बारा कोनी सॉकेट कोपऱ्यावर पकडतो, सहा कोनी नटाच्या सपाट बाजूवर, आणि जुन्या नटाची सपाट बाजूच तेवढी धड उरलेली असते. मालक बदलत गेलेल्या गाडीत मधेच मिलिमीटरचे बोल्ट घुसवलेले सापडतात. असा बोल्ट दिसला की पिशवीवर तसं लिहून ठेवा, कारण भोकाचे मूळ आटे त्याने मारलेले असू शकतात.

जाम बोल्टाला ताकदीपेक्षा वेळ द्यावा लागतो. तारेच्या ब्रशने आटे साफ करा, जिरणारं ऑइल मारा, बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे चार ठोके द्या आणि दुसऱ्या दिवशी या. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि ऑइल आत उतरतं. असं दोन-तीन दिवस करा. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून केलेलं घरगुती मिश्रणही चांगलं काम करतं, फक्त ते वेगळं होतं म्हणून दर वेळी हलवावं लागतं आणि ते झटकन पेट घेतं. मग पाना लावल्यावर आधी किंचित आवळा, नंतर सोडा. पाव फेरा सुटला की त्यातला अर्धा मागे आणा, पुन्हा ऑइल, पुन्हा पाव. सुटतोय म्हणून सरळ ओढत नेलेला बोल्ट अर्ध्यावर गंजाची पूड साठून अडतो आणि तिथेच तुटतो. हाताला ते आधी कळतं. जाम बोल्ट सुटताना एकदा ‘कट्’ असा आवाज येतो आणि पाना कडक राहतो. तुटायला आलेला बोल्ट आवाज न करता रबरासारखा मऊ लागतो. मऊ लागला की थांबा.

उष्णता द्यायची ती नटाला, बोल्टाला नाही. नट फुगला पाहिजे. तापलेल्या जोडावर मेणबत्ती टेकवली की मेण पातळ होऊन आट्यांत ओढलं जातं. ज्योतीजवळ टाकी, ब्रेक पाइप, रबरी बुश किंवा वायर नको. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर मारलेला भाग तर तापवूच नका, कारण त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. बोल्ट तुटलाच आणि थोडा वर राहिला असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करा. वेल्डची उष्णता आणि नवा नट दोन्हींचा फायदा होऊन बहुतेक वेळा तो निघतो. पातळ एक्स्ट्रॅक्टर ठोकून बसवणं हा शेवटचा उपाय. ते कडक पोलादाचं असतं आणि आत तुटलं तर त्यातून साधा ड्रिल जात नाही.

काय वाचवायचं आणि काय कापायचं हेही आधीच ठरवा. ब्रेकचे लोखंडी पाइप, रबरी होज, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) यू-बोल्ट, बॉडी माउंटचे बोल्ट हे सगळं नवीनच घालायचं असतं. त्यांच्यावर तासभर झुंजण्यापेक्षा ग्राइंडर लावा. तो सगळा धीर मॅनिफोल्डचे स्टड, बिजागऱ्यांचे स्क्रू आणि कास्टिंगमध्ये बसलेले बोल्ट यांच्यासाठी राखून ठेवा. बिजागरीचे स्क्रू ठोक्यासरशी फिरणाऱ्या इम्पॅक्ट ड्रायव्हरनेच काढावेत.

बॉनेट, ग्रिल, मडगार्ड, रेडिएटर, सीट, काच या क्रमाने पुढचं उरकतं; त्यात फार सांगण्यासारखं नाही. वायरिंग मात्र ओढून काढू नका. जुनं हार्नेस पुन्हा वापरायचं नसलं तरी ते अखंड काढून, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधून प्लायवर मांडून ठेवा. नवं हार्नेस करताना लांबी आणि फाटे तिथूनच मोजता येतात.

बॉडीचा टब उचलण्याआधी त्याला आतून आधार हवा. तळाचा पत्रा खाल्लेला असेल तर उचलताच टब उमलतो आणि दाराची जागा दोन्ही बाजूंना वेगळी होते. २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप घेऊन दाराच्या दोन्ही तोंडांना आडवा आणि तिरपा वेल्डच्या टाक्यांनी लावा, डावीकडून उजवीकडेही एक घाला. आधी दाराच्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजून वहीत लिहा. मग बॉडी माउंट सोडा आणि प्रत्येक माउंटखाली किती आणि किती जाडीच्या पट्ट्या होत्या ते लिहा, कारण टब सरळ बसण्याचं सगळं गणित त्या पट्ट्यांत असतं. उचलायला चार माणसं आणि पाचवा वाटेतल्या अडकलेल्या वायरी बघायला.

टब उलटा केल्यावर तळाला टोपीच्या आकाराचे लांब चॅनेल दिसतात. जुन्या विलीजमध्ये या चॅनेलच्या आत लाकूड भरलेलं असे, टब चेसिसवर आवळताना चॅनेल चेपू नये म्हणून. ते लाकूड पाणी पितं आणि धरून ठेवतं. वरून रंग चकचकीत आणि स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आरपार, अशी जागा सापडते ती इथेच. आतून निघणारं लाकूड काळं, भुसभुशीत, हाताने चुरडता येईल असं असतं. तरीही ते फेकू नका. त्याची लांबी, जाडी आणि भोकांची अंतरं कागदावर उतरवून घ्या. नवीन ठोकळे त्याच मापाचे करून, सगळ्या बाजूंनी सील करूनच आत जायला हवेत.

इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकत्र उचलायचं तर अडीचशे-तीनशे किलोंचा हिशेब धरा आणि चेनपुली एक टनाची घ्या. साखळी हेडच्या बोल्टना बांधायची, मॅनिफोल्डला कधीच नाही. सुटं होण्याआधी क्लच आणि ब्रेकच्या लिंक, स्पीडोमीटरची केबल, अर्थची पट्टी आणि हँडब्रेक यांची एकदा हात फिरवून खात्री करा. इंजिन हवेत गेल्यावर आठवते ती बहुतेक वेळा अर्थची पट्टी.

इंजिन जाम असेल तर घाई करू नका. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये एटीएफ ओता, आठवडाभर ठेवा, मग फ्लायव्हीलच्या दातांवरून दोन्ही दिशांना थोडं थोडं हलवा. गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढणं म्हणजे तुटलेल्या रिंगा आणि वाकलेले रॉड विकत घेणं आहे. हेड काढताना एक गोष्ट लक्षात ठेवा. १९५३ मध्ये आलेल्या सीजे-३बी मधल्या एफ-हेड इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये असतात. त्या उंचीमुळेच त्या जीपचं बॉनेट उंच झालं. या हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, इनटेकच्या तोंडात लपलेला आहे. कार्बोरेटर न काढता बाकीचे सगळे बोल्ट काढले तरी हेड हलत नाही, मग लोक पहार घालतात आणि हेड किंवा ब्लॉकची कड फोडतात. हेड निघत नसेल तर आधी बोल्ट मोजा. कनेक्टिंग रॉड आणि मेन बेअरिंगच्या कॅपवर नंबर नसतील तर सोडण्याआधी पंचच्या टिंबांनी घाला: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. कॅप दुसऱ्या रॉडला किंवा उलट्या बाजूने बसली तर बेअरिंग गोल राहत नाही.

ट्रान्सफर केस खोलायची ती मोठ्या ट्रेमध्ये आणि वर जुनं धोतर किंवा चादर टाकून. शिफ्ट रॉड ओढला की स्प्रिंगने दाबलेला छर्रा उडतो आणि तो ज्या कोपऱ्यात जातो तिथून परत येत नाही. दोन रॉडच्या मध्ये औषधाच्या गोळीएवढा एक इंटरलॉक बसलेला असतो. तो गाळला तरी केस जोडली जाते, गिअर पडतात, सगळं ठीक वाटतं; पण पुढची चाकं न जोडता लो रेंज लागायला लागते आणि सगळा जोर मागच्या एक्सलवर येतो. मधला शाफ्ट काढताना त्याच जाडीचा आखूड डमी शाफ्ट मागून ढकलत न्या, म्हणजे सुईसारखे रोलर गिअरच्या पोटातच राहतात. तरीही ते मोजाच. एक कमी असेल तर तो तळाच्या ऑइलमध्ये किंवा मॅग्नेटवर सापडला पाहिजे. प्रोपेलर शाफ्टच्या सरकत्या जोडावर दोन्ही भागांवर एका रेषेत खूण करा. दोन्ही टोकांचे योक एका ओळीत असावे लागतात, एक दात चुकला तरी गाडी थरथरते. क्रॉसच्या टोप्या टेपने बांधून ठेवा.

चाकं काढताना लक्षात ठेवायचं की जुन्या जीपांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. काही स्टडच्या तोंडावर एल कोरलेला असतो, पण गंजाखाली दिसत नाही. डावीकडचा नट सुटत नाही म्हणून पाइप लावून झुलणारा माणूस तो नट जास्तच आवळत असतो. पाट्यांच्या यू-आकाराच्या शॅकलमध्येही (पाटा चेसिसला जोडणारी कडी) काही ठिकाणी उलटे आटे आहेत. अशा शॅकलवर ओळखीसाठी छोटा उंचवटा असतो.

टेपर शाफ्टच्या मागच्या एक्सलला हब काढायला जड पुलर लागतो. शाफ्टच्या टोकावर घणाचे घाव घातले तर आटे बसतात आणि धक्का आत बेअरिंगपर्यंत जातो. पुलर ताणून ठेवा, पुलरच्या बोल्टवर ठोका द्या, एक रात्र तसाच राहू द्या. आणि शाफ्टचा नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर ठेवा. हब सुटतो तो बंदुकीसारख्या आवाजाने, आणि नट नसेल तर पुलरसकट अंगावर येतो.

पुढच्या एक्सलच्या बंद गोळ्यांत वर आणि खाली किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खुंट्यांच्या, टोप्या असतात आणि त्यांच्याखाली शिम, म्हणजे अंतर भरायच्या कागदासारख्या पातळ चकत्या. वरच्या आणि खालच्या शिम एकत्र झाल्या तर स्टिअरिंगचा घट्टपणा आणि आतल्या जॉइंटचा मध्य दोन्ही हातातून जातात. मायक्रोमीटरने जाडी मोजून चिठ्ठीवर लिहा: ‘पुढे, डावा, वर’. डिफरन्शिअलबद्दल, म्हणजे एक्सलमधल्या गिअरपेटीबद्दल, माझं मत ठाम आहे. क्राऊन आणि पिनियन या तिथल्या मोठ्या-लहान गिअरच्या दातांवर झिजेची रेष एकसारखी असेल, बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मर्यादेत असेल आणि बेअरिंगचा आवाज नसेल, तर कव्हर काढून, धुऊन, पुन्हा बंद करा. ती जोडी एकत्र घासून जुळवलेली असते आणि शिमचा हिशेब एकदा मोडला की घरच्या साधनांनी तो परत बसवणं फार कठीण.

पाटे सोडताना चेसिस स्टँडवर आणि एक्सल जॅकवर, म्हणजे पाट्यावर ना वजन ना ताण. पाट्याचा गठ्ठा सुटा करायचा तर मधला बोल्ट काढण्याआधी दोन जाड सी-क्लॅम्प लावा आणि हळूहळू सोडा, नाहीतर पानं उसळतात. काही गाड्यांत चालकाच्या बाजूचा पाटा मुद्दाम जास्त कडक दिलेला असतो, म्हणून डावा-उजवा लिहिल्याशिवाय बाजूला ठेवू नका.

शेवटी चेसिस उघडी राहते. चेसिस नंबर ज्या जागी ठोकलेला आहे ती जागा मऊ ब्रशने साफ करून त्यावर कागद ठेवा आणि पेन्सिल घासून ठसा घ्या, फोटो काढा. सँडब्लास्टिंगला देताना त्या जागेवर जाड रबर आणि टेप लावून ‘इथे नको’ असं लिहा. वाळूच्या माऱ्याने किंवा ग्राइंडरने नंबर पुसट झाला तर गाडीच्या ओळखीचा पुरावाच जातो. मग छोट्या गोल तोंडाच्या हातोडीने दोन्ही बाजूंवरून ठोकत जा. शाबूत लोखंड खणखणतं, गंजलेलं थप्प वाजतं. मागच्या पाट्यांचे हँगर आणि मागचा आडवा मेंबर इथे सर्वात सावकाश जा.

सरळपणा मोजायला महागडं यंत्र लागत नाही. चेसिस चार स्टँडवर ठेवून गवंड्याच्या पाण्याच्या पारदर्शक नळीने चारही कोपरे एका पातळीत आणा. तीन कोपरे जुळून चौथा जुळत नसेल तर चेसिसला पीळ आहे. पातळी मिळाली की पाट्यांच्या हँगरच्या भोकांतून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा करा, चेसिस बाजूला घ्या आणि खुणांमध्ये कर्ण मोजा. एकदा पूर्ण लांबीचा, मग पुढच्या निम्म्या भागाचा, मग मागच्या. दोन कर्णांत ३ मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर काळजी नको. ५ च्या पुढे गेला तर पुढचा आणि मागचा भाग वेगळा मोजून वाकण कुठे सुरू होते ते शोधा, आणि आकडे खडूवर न सोडता वहीत उतरवा. ब्लास्टिंगहून चेसिस परत आली की त्याच खुणांवर पुन्हा मोजायची आहे.